नवस नको, हिशेब हवा

१ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने जाहीर केले की २०७० पर्यंत आपण निव्वळ शून्य उत्सर्जन गाठू. म्हणजे त्या वर्षी आपण जेवढे हरितगृह वायू हवेत सोडू, तेवढेच जंगले, माती आणि काही नवी तंत्रे मिळून परत शोषून घेतील. घोषणा मोठी होती आणि आवश्यकही होती. तिच्याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती घोषणेनंतर आपल्या मनात जे समाधान पसरले त्याबद्दल.

हे समाधान आपल्या ओळखीचे आहे. नवस बोलला की अर्धे काम झाले असे आपल्याकडे मानले जाते. बाप नवस बोलतो, फेडायचा राहून जातो आणि त्याचे ओझे मुलावर येते. २०७० ची प्रतिज्ञा याच वाटेने जाण्याचा धोका आहे, कारण ती करणाऱ्या पिढीपैकी फारच थोडे लोक त्या वर्षी हयात असतील. मग आज आणि २०७० यांच्या मधल्या प्रत्येक वर्षी आपण कुठे उभे आहोत हे कोण सांगणार? या प्रश्नाला एकच प्रामाणिक उत्तर आहे: देशाची सांख्यिकी. म्हणून ती कशी तयार होते, कुठे लंगडते आणि तिच्याकडे आपण नागरिक म्हणून कसे पाहतो, हा नैतिक प्रश्न आहे. तो केवळ तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. देशाचे उत्सर्जन मोजणारे एखादे यंत्र आकाशात बसवलेले आहे असे अनेकांना वाटते. उपग्रह काही प्रमाणात मदत करतात. पण राष्ट्रीय आकडा निघतो तो साध्या गुणाकारातून. किती कोळसा जाळला, त्याचे उष्मांक मूल्य किती, त्यात कार्बन किती, यांचा गुणाकार केला की कार्बन डायऑक्साइड किती निघाला ते कळते. आपल्या राखमिश्रित कोळशाच्या एका टनातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जळताना कार्बन हवेतला प्राणवायू घेतो, म्हणून धुराचे वजन कोळशापेक्षा जास्त भरते. आता चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या वीज केंद्राचा विचार करा. तिथे येणाऱ्या वाघिणींचे वजन आणि प्रयोगशाळेत तपासलेला कोळशाचा नमुना, या दोन नोंदींवर त्या केंद्राच्या उत्सर्जनाचा हिशेब उभा असतो. नमुना चुकीच्या ठिकाणचा उचलला किंवा प्रत एका पायरीने वरची लिहिली, तर दिल्लीत तयार होणारा देशाचा आकडा तेवढाच खोटा होतो.

जसे कोळशाचे, तसेच गुरांचे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतो. त्याचा हिशेब पशुगणनेतून येतो: गाई किती, म्हशी किती, दुभत्या किती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात गोवंश सुमारे १९ कोटी ३० लाख आणि म्हशी सुमारे ११ कोटी होत्या. भाताचा मिथेन निघतो तो भाताखालच्या क्षेत्रावरून आणि खाचरात पाणी किती दिवस तुंबून राहते त्यावरून. उसाचे पाचट जाळले तर त्याचा वेगळा हिशेब. सिमेंट, पोलाद, खत, कचरा, सांडपाणी, प्रत्येकाची वही वेगळी. सगळ्या वह्या खऱ्या असतील तरच शेवटची बेरीज खरी.

यातली एक वही आपण जवळून ओळखतो. सातबाऱ्यावरची पीकपाहणी. शिवारात न जाता चावडीवर बसून मागच्या वर्षीचीच पिके पुन्हा उतरवण्याची रीत किती जुनी आणि किती पसरलेली आहे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सोयाबीनच्या रानावर कागदोपत्री ज्वारी उभी असते. पैसेवारी, म्हणजे गावाच्या पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या वर दाखवायची की खाली, यावर किती दडपणे येतात हेही सर्वांना ठाऊक आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीकपाहणी आली. आता शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून मोबाइलमध्ये पिकाचा फोटो घालून नोंद करायची. नेटवर्कच्या अडचणी आहेत, सर्व्हर बंद पडतो, तरी तत्त्व बरोबर आहे: नोंद जागेवर व्हावी आणि ज्याचे हित त्या नोंदीत आहे त्याच्या डोळ्यांसमोर व्हावी. या भूमीला हे तत्त्व नवे नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक निवडीने शेतातले छोटे तुकडे कापून उत्पादन मोजण्याची पद्धत देशभर रुजवायला हातभार लावला, तो नजरअंदाजाच्या आकड्यांवर अविश्वास होता म्हणूनच. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. अदमासाला तपासणीने बाजूला सारणे हीसुद्धा समाजसुधारणाच आहे.

आता देशाच्या शेवटच्या बेरजेकडे वळू. भारत सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना चौथा द्वैवार्षिक अहवाल दिला. त्यात २०२० या वर्षाचे आकडे आहेत. जंगले व जमीन यांनी शोषलेला वायू न धरता उत्सर्जन सुमारे २९६ कोटी टन, तो वजा करून सुमारे २४४ कोटी टन. तारखा पुन्हा वाचा. २०२० चा हिशेब २०२४ च्या अखेरीला. ब्रिटनमध्ये मागच्या वर्षाचा तात्पुरता आकडा पुढच्या मार्चमध्येच जाहीर होतो. आपला देश मोठा, कारभार गुंतागुंतीचा, हे मान्य. पण चार वर्षांनी कळलेल्या तापावर औषध काय देणार?

आणि तो आकडा वाचायचा कसा? अहवाल आल्यावर ठळकपणे सांगितले गेले की २०१९ च्या तुलनेत उत्सर्जन ७.९३ टक्क्यांनी घटले. खरे आहे. पण २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते, रस्ते ओस पडले होते आणि कारखाने थंड होते. शिवाय ही घट जंगले व जमीन यांनी शोषलेला वायू वजा केल्यानंतरची आहे. तो न धरता २०१९ मध्ये आकडा सुमारे ३१३ कोटी टन होता. म्हणजे प्रत्यक्ष हवेत सोडलेल्या वायूंची घट साडेपाच टक्क्यांच्या आसपास भरते. दोन्ही आकडे सरकारचेच आणि दोन्ही बरोबर. पण एक सांगून दुसरा सांगितला नाही, तर ऐकणारा जे समजतो ते अर्धसत्य असते.

तीव्रतेचे गणित याहून महत्त्वाचे आहे. आपली आंतरराष्ट्रीय बांधिलकी एकूण उत्सर्जन घटवण्याची नाही. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन, म्हणजेच तीव्रता, ४५ टक्क्यांनी खाली आणायची, अशी ती आहे. २०१६ पर्यंत ही घट २४ टक्के झाली होती, २०१९ पर्यंत ३३ टक्के, २०२० पर्यंत ३६ टक्के. प्रगती खरी आहे. पण २०१६ ते २०१९ या तीन वर्षांत तीव्रता घसरत असताना एकूण उत्सर्जन २८४ कोटी टनांवरून ३१३ कोटी टनांवर गेले, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढले. भागाकारातला छेद अंशापेक्षा वेगाने वाढला की उत्तर लहान होते. हवेला मात्र भागाकार कळत नाही, तिच्यात टनच साठतात. शिवाय इथे छेदस्थानी जीडीपी आहे. जीडीपीचे पायाभूत वर्ष बदलले, मोजण्याची पद्धत बदलली, तर एक टनही कमी न होता तीव्रतेचा आकडा हलू शकतो. म्हणून अर्थव्यवस्थेची सांख्यिकी आणि हवामानाची सांख्यिकी या एकाच विश्वासार्हतेवर उभ्या आहेत. एक डळमळीत आणि दुसरी भक्कम, असे असू शकत नाही.

विजेचेही असेच. २०२५ च्या मध्यापर्यंत देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा कोळसा, वायू आणि तेल यांच्याबाहेरचा झाला. २०३० चे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले, याचा आनंद वाटलाच पाहिजे. मात्र क्षमता म्हणजे वीज नव्हे. सौर पॅनेल रात्री झोपतात, पवनचक्क्या वाऱ्याची वाट पाहतात. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणूनच तुमच्या घरी आलेल्या वीजबिलातल्या प्रत्येक युनिटमागे देशाच्या सरासरीने सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. महिन्याला दोनशे युनिट वापरणारे घर महिन्याला सुमारे एकशे चाळीस किलो धूर सोडते, फक्त तो त्या घराच्या खिडकीतून दिसत नाही. तो चंद्रपुरात दिसतो, कोराडीत दिसतो. तिथले लोक तो श्वासात घेतात आणि दिवे आपल्या शहरात लागतात.

झाडांच्या आकड्यांबद्दल तर आपल्या श्रद्धेला सीमा नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांचे छत्र दहा टक्क्यांहून अधिक आहे ती सगळी वनाच्छादित. मालकी कोणाची, झाडे कोणती, हा प्रश्न नाही. म्हणजे रत्नागिरीतली हापूसची बाग वनाच्छादनात येते, नारळाची वाडी येते, रबराची लागवडही येते. शेकडो वर्षांची देवराई तोडून तिथे एकाच जातीची झाडे ओळीने लावली, तरी छत्र पुरेसे वाढले की टक्केवारी पुन्हा तिथेच येऊन थांबते. २०२३ च्या अहवालात देशाचे वन आणि वृक्षाच्छादन २५.१७ टक्के सांगितले आहे. हा आकडा खोटा नाही. तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न मात्र आपण समजतो तो नाही. किती जंगल उरले, हे तो सांगत नाही. आणि २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टनांचे जादा शोषण जंगलांकडून करून घेण्याचे वचन आपण जगाला दिले आहे, तेव्हा व्याख्येतली ही सैल जागा थेट निव्वळ शून्याच्या बेरजेत शिरते.

महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या काळात पन्नास कोटी झाडे लावण्याची मोहीम झाली. एकट्या २०१९ चे लक्ष्य तेहतीस कोटींचे होते. पुढे या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. मी मोहिमेच्या हेतूवर बोट ठेवत नाही. माझा आक्षेप मोजण्याच्या एककावर आहे. खड्डा मोजला, रोप मोजले, रोपाशेजारी उभ्या असलेल्या पाहुण्यांचा फोटो अपलोड झाला. तीन उन्हाळे ओलांडून जगलेले झाड मोजायला कोण गेले? कार्बन शोषते ते जगलेले, खोड भरलेले झाड. रोपवाटिकेतून निघालेली पिशवी काहीच शोषत नाही. ज्या गावात दर पावसाळ्यात त्याच माळावर तेच खड्डे पुन्हा उकरले जातात, तिथल्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. गरज आहे ती ते ग्रामसभेत उठून बोलण्याची.

इथे पहिला आक्षेप येईल. भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस सुमारे चौदा टन. १८५० पासून साचलेल्या उत्सर्जनात भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे आणि लोकसंख्येत आपण सतरा-अठरा टक्के आहोत. मग हिशेब आम्हीच का द्यायचा?

या आक्षेपातला न्याय मला पूर्णपणे मान्य आहे. श्रीमंत देशांनी आधी आणि अधिक भार उचलला पाहिजे. पण हा युक्तिवाद कशावर उभा आहे? आकड्यांवरच. न्यायालयात दाद मागणाऱ्याने आपली वही कोरी ठेवून कसे चालेल? आणि जो न्याय आपण जगाकडे मागतो तो घरात लावायला का कचरतो? दोन टन ही सरासरी आहे. तीन खोल्यांत तीन वातानुकूलन यंत्रे, दारात दोन गाड्या आणि वर्षातून परदेशवारी असलेले पुण्या-मुंबईतले घर आणि मेळघाटातली कोरकू कुटुंबाची झोपडी या सरासरीत शेजारी बसतात. गरिबाच्या कमी वापराची सावली श्रीमंताला मिळते. ही सावली दूर करायची तर कुटुंबांच्या खर्चाची, इंधनाची, विजेची पाहणी वेळेवर आणि उघडपणे व्हायला हवी. झाले काय? २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचा निकाल सरकारने दर्जाचे कारण देऊन रोखला. २०११-१२ नंतर पुढची पाहणी प्रसिद्ध व्हायला २०२४ उजाडले. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता ती २०२७ मध्ये होते आहे. सोळा वर्षे ज्या देशाने आपली माणसे मोजली नाहीत, त्याचा दरडोई आकडा कशाने भागलेला असतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे: पोटाला भाकर नाही तिथे कार्बन कसला मोजता? हा प्रश्न बहुधा ज्यांचे पोट भरलेले आहे तेच विचारतात. ज्या बाईच्या चुलीचा धूर तिच्या फुप्फुसात जातो, तिच्यासाठी इंधनाची सांख्यिकी ही चैन नाही. उज्ज्वला योजनेत दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. जोडणी मोजली तर प्रश्न सुटलेला दिसतो. सिलिंडर मोजले तर २०२३-२४ मध्ये एका उज्ज्वला कुटुंबाने वर्षभरात सरासरी चारच्या आसपास सिलिंडर भरून घेतले. चार-पाच माणसांच्या घराला वर्षभर दोन्ही वेळचा स्वयंपाक करायला चार सिलिंडर पुरत नाहीत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७८ व्या फेरीत, २०२०-२१ मध्ये, ग्रामीण भागातली जेमतेम निम्मी कुटुंबे स्वच्छ इंधनावर प्रामुख्याने स्वयंपाक करत होती. म्हणजे चूल पेटतेच आहे, मोळी डोक्यावरून येतेच आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले नसते, तर त्या बाईचा खोकला सरकारी यशाच्या रकान्यात जमा झाला असता. नीट मोजणे म्हणजे तिला दिसू देणे.

तिसरा आक्षेप सर्वांत धोकादायक आहे, कारण तो शहाणपणाचा वेष घेऊन येतो. "आकडे काय, कसेही फिरवता येतात. सगळेच खोटे." असे म्हणणाऱ्याला वाटते की तो भोळा नाही. प्रत्यक्षात तो आपला हक्क सोडून देत असतो. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले साम्राज्याच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले तेव्हा सगळे आकडे परक्या सरकारचे होते आणि खजिन्यात शिल्लक दिसत होती. गोखल्यांनी आकडे नाकारले नाहीत. गणित शिकवणाऱ्या या माणसाने तेच आकडे घेऊन दाखवून दिले की ही शिल्लक रयतेच्या भरभराटीची नाही. रुपयाचा कृत्रिमपणे चढवलेला भाव आणि गरजेपेक्षा जास्त ठेवलेले कर यांतून ती आली आहे. मतदानाने सरकार बदलण्याचा अधिकार नसलेल्या माणसाने हे केले. तो अधिकार असलेल्या आपण "सगळेच खोटे" म्हणून हात झटकावेत, हे लाजिरवाणे आहे.

यापुढे तर टनाला बाजारभाव येणार आहे. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्यानंतर देशात कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित झाली. ज्या कारखान्याने ठरलेल्या तीव्रतेहून कमी उत्सर्जन केले त्याला प्रमाणपत्र मिळेल आणि ते विकता येईल. ज्या दिवशी न सोडलेल्या धुराचे पैसे मिळू लागतात, त्या दिवसापासून खोटी नोंद ही चोरी ठरते. तिला चोरीसारखीच शिक्षा हवी.

मग करायचे काय? माझ्या मते पहिली गरज कायद्याची आहे. ब्रिटनने २००८ च्या हवामान कायद्याने स्वतंत्र समिती नेमली. सरकारला दर पाच वर्षांचे कार्बनचे अंदाजपत्रक बांधून दिले जाते, आणि ही समिती दरवर्षी संसदेपुढे प्रगतीचा अहवाल ठेवते. सरकार कमी पडले तर तसे लेखी म्हणते. तिथेही एक पळवाट आहे: आयात केलेल्या वस्तूंमागचा धूर देशांतर्गत मोजणीत येत नाही. पण तो वेगळा मोजून प्रसिद्ध केला जातो, म्हणून तिची चर्चा तरी करता येते. आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी आयोग २००६ पासून काम करतो, तोही सरकारी ठरावाच्या आधारावर. त्याला कायद्याचे बळ अजून नाही. निव्वळ शून्याच्या वाटचालीवर दरवर्षी संसदेपुढे स्वतंत्र हिशेब ठेवण्याची सक्ती करणारा कायदाही नाही. ज्या आयोगाला सरकारला नको असलेला आकडा प्रसिद्ध करण्याचा अधिकार नाही, त्याच्या जोरावर २०७० पर्यंतची वाट चालता येणार नाही.

दुसरी गरज आपल्या दारात आहे. पाहणीला आलेल्या माणसाला मोठ्या गृहसंकुलांत फाटकावरूनच परत पाठवले जाते, हा क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. झोपडपट्टीत त्याला पाणी विचारतात, टॉवरमध्ये ओळखपत्र दाखवूनही आत घेत नाहीत. सुशिक्षित म्हणवणारा वर्गच मोजला जायला नकार देतो, आणि नंतर तोच वर्ग सरकारी आकड्यांवर विश्वास नसल्याचे सांगतो. ही दांभिकता थांबली पाहिजे.

वाचकांना माझी विनंती दोन गोष्टींची आहे. जनगणनेचा किंवा पाहणीचा कर्मचारी दारात आला तर त्याला आत बोलवा आणि घरात काय जळते, काय चालते, किती गाड्या आहेत, हे खरे सांगा. आणि पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत एवढेच विचारा: तीन वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांपैकी आज किती उभी आहेत, ती कोणी मोजली आणि ती यादी कुठे पाहायला मिळेल? उत्तर लेखी मागा.